अठरा वाव खालचा श्वास

१

पाणबुड्या पाण्याखाली गेला की फारसा बोलत नाही. अठरा वाव, म्हणजे शंभरावर फूट खोल, काळोखात, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पहार घेऊन काम करणाऱ्याला गप्पा कुठून सुचणार? तो नुसता श्वास घेतो. तो श्वास ऐकणं हे माझं काम होतं. अकरा वर्षं मी तेच केलं.

बोटीच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली होती. आत एक स्टूल, एक फळी आणि फळीवर फोनची पेटी. पाणबुड्याच्या हेल्मेटमधून तार निघून त्या पेटीत यायची. बटण दाबलं की मी बोलायचं, सोडलं की त्याचं ऐकायचं. डाव्या हातात त्याच्या कमरेला बांधलेली दोरी. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर ओढ. फोन बंद पडला तरी दोरी बोलायची.

लोक हसायचे. "श्वासात ऐकण्यासारखं काय असतं?" असं विचारायचे. लोक माणूस तोंडावरून ओळखतात, मी श्वासावरून ओळखायचे. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कोण वर येऊन खोटं सांगणार आहे, सगळं त्या पेटीत आधीच कळायचं.

माझ्या नवऱ्याच्या श्वासाला शिट्टी होती. लहानपणी धाकट्या भावानं रागानं दार आपटलं, ते याच्या तोंडावर बसलं आणि नाकाचं हाड कायमचं वाकडं झालं. श्वास सोडताना बारीक शीळ निघायची. बोटीवर सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. "शिट्टी वाजली, चला, गाडी सुटली," असं म्हणून इंजिनाचा मिस्त्री खाली हवा पुरवणारा कंप्रेसर सुरू करायचा.

धाकटा, म्हणजे माझा दीर, तोही पाणबुड्या. त्याला तिसऱ्या वर्षी डांग्या खोकला झाला होता. तेव्हापासून तो श्वास दोन घासांत घ्यायचा. अर्धा आत, मग एक छोटी अडखळ, मग उरलेला अर्धा.

दोघांचे श्वास मी झोपेतही वेगळे सांगितले असते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतील की बाईचा कान फसला असेल.

२

आमची बोट बुडालेल्या जहाजांतला माल वर काढायची. ज्या जहाजावर आम्ही तीन वर्षं घालवली, ते प्रवासी जहाज होतं. फार जुनं. कुठल्याशा बँकेच्या सोन्याच्या विटा घेऊन निघालेलं ते वाटेत एका कुशीवर आडवं झालं आणि बुडालं. विटा तळाशी एका लोखंडी दाराच्या खोलीत होत्या, असं कप्तानाकडच्या नकाशात होतं. तिथपर्यंत पोचायला आधी जेवणाचा हॉल, मग जिना, मग एक लांब बोळ. तीन वर्षांत आम्ही चिनी मातीच्या बशा काढल्या, पितळी दिवे काढले, पियानोच्या पट्ट्या काढल्या. कप्तान दर सकाळी म्हणायचा, "आज सोनं." मिस्त्री म्हणायचा, "आज बशा. हॉटेल काढू या, साहेब, कप तेवढे विकत घेऊ."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक दिवस दोघे भाऊ बरोबर उतरले. नवऱ्याची दोरी आणि फोन माझ्याकडे, दिराचा कप्तानाकडे.

पाण्याखाली दोन पाणबुड्यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर एकच उपाय. हेल्मेटला हेल्मेट टेकवायचं. धातूतून आवाज जातो. त्या दिवशी बोळाच्या टोकाशी त्यांनी तसंच केलं असणार, कारण मला माझ्या नवऱ्याचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. तो म्हणत होता, "नको. आधी वर सांगू. नको म्हणतो ना." मग काही क्षण शिट्टी, भरभर. मग तो मला म्हणाला, "अगं—"

त्यानंतर पेटीतून नुसता पाण्याचा आवाज आला.

दीर एकटाच वर आला. म्हणाला, पत्रा कोसळला, दादाची हवेची नळी अडकून तुटली. डेकवर डोकं आपटून घेत रडला. प्रेत सापडलं नाही. बोळात गाळ इतका उठला होता की आठ दिवस कुणाला काही दिसलं नाही, आणि दिसायला लागलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

नळीचं वर आलेलं टोक माझ्याकडेच आलं, कारण नळ्या दुरुस्त करण्याचं कामही माझंच होतं. रबर, त्याच्या आत कापडाचे तीन पदर, आत पुन्हा रबर. पत्र्यावर घासून तुटलेली नळी मी शेकड्यानं पाहिली आहे. तिच्या कापडाचे धागे पिंजलेले असतात, दाढीच्या खुंटांसारखे. या टोकाला एकही धागा लोंबत नव्हता. भोपळ्याची फोड काढावी तसा काप होता.

मी ताकास तूर लागू दिली नाही. कुणाला सांगणार? "तुझा दीर आहे तो, बाई, दुःखानं काहीबाही बोलतेस," म्हणाले असते. नळीचा तो तुकडा मी कपाटात ठेवला आणि दिराला रोज दोन वेळा जेवायला वाढलं. तो माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही. मी त्याच्या ताटात जास्तीची पोळी वाढायची, तो नको म्हणायचा, मी आग्रह करायची. आग्रह करताना मला फार बरं वाटायचं.

चौदा महिन्यांनी काम पुन्हा सुरू होणार असं ठरलं तेव्हा मी कप्तानाला म्हटलं, "भाऊजींची दोरी मी धरते."

कप्तानाचे डोळे भरले. म्हणाला, "तुझ्यासारखी बाई पाहिली नाही."

मी काय ठरवलं होतं ते साधं होतं. एक दिवस तो तीन हिसके देईल आणि मी ओढणार नाही. बाकी काही करायचंच नव्हतं. दोरी ओढायची विंच हाताशी असेल आणि मी तिला हात लावणार नाही.

३

पहिल्या दिवशी समुद्र तव्यासारखा सपाट होता. सकाळचे दहा वाजले असतील. मिस्त्री खाली इंजिनच्या खोलीत कंप्रेसरपाशी, कप्तान पुढे सुकाणूपाशी. मी माझ्या पत्र्याच्या खोलीत एकटी.

दीर तळाला पोचला. "पोचलो, वहिनी."

"बरं."

मग श्वास. अर्धा, अडखळ, अर्धा. सोडला. अर्धा, अडखळ, अर्धा. सोडला. तो जेवणाच्या हॉलमधून गेला, जिना उतरला. मी दोरी थोडी थोडी सोडत होते. तो बोळात शिरला.

बोळात बरंच आत गेल्यावर मला वाटलं, पेटीत काहीतरी घासतंय. तार ओली झाली की कधी कधी असं होतं. मी पेटीवर थाप मारली. घासणं गेलं नाही. मी कान जवळ नेला.

ते घासणं नव्हतं. दिराचा श्वास संपत होता तिथं दुसरा सुरू होत होता. हळू, सावकाश. आणि सोडताना त्याला एक बारीक शीळ होती.

अशा वेळी डोकं काय काय सुचवतं पाहा. म्हटलं, हवेच्या नळीला भोक पडलं असेल, त्यातून शीळ वाजतेय. पण भोकाची शीळ सलग वाजते, ती श्वास घ्यायला थांबत नाही. म्हटलं, प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनी असता तर तो अडखळला असता, दिरासारखा. मग म्हटलं, चौदा महिने ज्याच्यासाठी झुरतेस तोच ऐकू येणार, दुसरं काय.

हे शेवटचं मला पटलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. एका हेल्मेटच्या तारेवर दुसऱ्याचा श्वास येण्याची एकच रीत आहे, आणि ती मला ठाऊक होती.

मी बटण दाबलं. "भाऊजी, ठीक ना?"

"ठीक. का हो?"

"एकटेच आहात ना?"

पेटीत थोडा वेळ दोन्ही श्वास थांबले. दोन्ही. मग तो म्हणाला, "एकटा नाही तर काय वरात आणलीय?" आणि हसला. त्या हसण्यात दम नव्हता.

वेळ संपल्यावर मी त्याला टप्प्याटप्प्यानं वर घेतलं. बोळातून तो बाहेर पडला त्या क्षणी शीळ थांबली. मी मिस्त्रीला हाक मारून पेटी दाखवली, म्हटलं, आवाज दुहेरी येतोय. इंजिनापाशी जन्म गेल्यानं तो अर्धा बहिरा. पेटी उलटीसुलटी करून म्हणाला, "मला तर एकेरीसुद्धा येत नाही." तरी त्यानं तार बदलून दिली.

४

घर गोदीच्या मागच्या गल्लीत, एका लेथ मशीनच्या दुकानावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दिराची खाट, आतल्या खोलीत मी आणि सासूबाई. दिवसभर खालून लोखंड कातल्याचा आवाज यायचा आणि संध्याकाळी तो थांबला की कान रिकामे वाटायचे.

त्या संध्याकाळी दीर जेवला नाही. अंगावर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला. सासूबाई त्याचे लोकरीचे मोजे रफू करत बसल्या होत्या. खाली पाणी थंड असतं म्हणून पाणबुडे दोन-दोन मोजे घालतात. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण सुई अचूक जायची.

"काय झालं गं त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दमलेत."

"खाली काही दिसलं का त्याला?"

मी वर पाहिलं. त्यांचं लक्ष मोज्यातच होतं.

"काय दिसणार, आई?"

"मला काय ठाऊक. मी कधी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेले नाही." त्यांनी धागा दातानं तोडला. "एक गेला. एक उरलाय. दोरी तुझ्या हातात असते म्हणून मला झोप लागते, बाई. दुसऱ्या कुणाच्या हातात असती तर लागली नसती."

मी उठून भांडी घासायला गेले. भांडी स्वच्छ झाली तरी घासत राहिले. म्हातारीनं माझ्यासाठी काय केलं नव्हतं? माझ्या आजारपणात उशाशी बसल्या होत्या. नवरा गेल्यावर "माहेरी जा" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांचा दुसरा मुलगाही मी काढून घेणार होते. हा विचार मी त्यांच्या डोळ्यांसमोर बसून पहिल्यांदाच नीट केला. विचार केला आणि बाजूला ठेवला. सुरी चालवताना त्यानं केला होता का आईचा विचार?

५

दुसऱ्या दिवशी शीळ जिन्यापाशीच सुरू झाली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये. जणू कुणी रोज थोडं पुढे येऊन त्याला न्यायला उभं राहत होतं.

नवी तार, नवी पेटी, सगळं करून झालं होतं. आता मी तर्क लढवणं सोडलं होतं. नुसती ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या शीळेची भीती वाटायची, आणि तरी सकाळ होण्याची मी वाट पाहायची. घरी लग्नाच्या फोटोसमोर मला रडू येत नव्हतं. त्या पत्र्याच्या खोलीत पेटीला कान लावून मी रडायची.

तिसऱ्या दिवशी दीर बोळाच्या टोकाला पोचला आणि एकदम म्हणाला, "वहिनी, दोरी का ओढताय?"

माझ्या हातात दोरी सैल होती. "मी नाही ओढली."

"आत्ता ओढलीत. दोनदा."

"नाही हो."

अर्धा, अडखळ, अर्धा. त्याच्या मागून ती सावकाश शीळ. मग माझ्याच हातातल्या दोरीला दोन हिसके बसले. ढील दे.

"भाऊजी, ढील मागितलीत?"

"नाही. माझे दोन्ही हात दारावर आहेत." मग त्याचा आवाज बदलला. "वहिनी, दार! लोखंडी दार. कडी निघतेय. कप्तानाला सांगा, दार सापडलं!"

मी कप्तानाला सांगितलं. तो सुकाणू सोडून नाचला. मिस्त्रीनं टोपी उडवली, ती समुद्रात पडली. त्या गोंधळात मला एकच गोष्ट कळत होती. हातात धरलेल्या दोरीच्या टोकाला दोन माणसं होती आणि त्यांतल्या एकाला वाटत होतं की धाकट्यानं आणखी आत जावं.

मी ढील दिली नाही. त्या दिवशी नाही. वेळ संपली होती, मी त्याला वर ओढलं. हेल्मेट काढलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"उद्या नका उतरू," मी म्हटलं. खरंच म्हटलं. त्याला एक संधी दिली असं मी स्वतःला अजून सांगते.

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "दार उघडलंय, वहिनी," तो म्हणाला. "आता कसं थांबायचं?"

६

चौथ्या दिवशी शीळ शिडीपासूनच त्याच्याबरोबर होती. पाण्यात डोकं बुडालं आणि पेटीत दोन श्वास सुरू झाले.

त्यालाही ऐकू येत होतं. आता मला ते स्पष्ट कळलं. तो श्वास रोखून ऐकायचा, मग घाईनं पुढे सरकायचा. हॉल, जिना, बोळ. दार. लोखंड करकरलं ते मला अठरा वाव वर ऐकू आलं.

"आत आलो." मग, "अरे देवा. आहेत. विटा आहेत, वहिनी. भिंतीला लावून रचल्यात."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या मागे कोण आहे?"

अर्धा श्वास. अडखळ. पुढचा अर्धा आलाच नाही.

"तो तुमच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून उभा आहे. पहिल्या दिवसापासून. मला ऐकू येतोय तो."

"वहिनी, असं नका बोलू." लहान मुलासारखा आवाज. "मी वर येतो. ओढा मला."

"आधी मागे वळून बघा."

"नाही."

"बघा. मग ओढते."

मला माहीत होतं मी काय करतेय. माझा आवाज शांत होता. वाढताना आग्रह करायचे तसाच.

पायाखाली कंप्रेसर धडधडत होता. पत्र्याच्या खोलीत ऊन आलं होतं, फळीवर माझ्या हाताची सावली पडली होती, आणि ती जराही हलत नव्हती. पेटीत बूट घासल्याचा आवाज आला. तो वळत होता.

मग तो बोलायला लागला. भराभर, एकामागून एक.

"काच आहे. टॉर्चचा उजेड परत येतोय, काच आहे समोर. हेल्मेट. दादाचं. वहिनी, याला नळी नाहीये. नळी तुटकी लोंबतेय. आणि काचेला... काचेला आतून वाफ धरलीय. जाते, परत धरते. जाते, परत धरते."

"काय केलंत तुम्ही त्याचं?"

"मी नुसती भीती घालायला सुरी काढली होती! दार आम्हाला तेव्हाच सापडलं होतं, पण तो ऐकेना. वर सांगू म्हणे, सगळं सरकारजमा होऊ दे म्हणे. तीन वर्षं, वहिनी! मी नुसती भीती..." आणि मग माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी, "दादा. दादा, सोड. आईची शपथ, दादा."

दोरीला तीन हिसके बसले. जोरात, वेडेवाकडे. वर ओढ.

लगेच दोन. सावकाश, मोजून दिलेले. ढील दे.

पुन्हा तीन. पुन्हा दोन. एकच दोरी, एकच हात माझा. विंचचा दांडा माझ्या गुडघ्याला टेकला होता. तो खाली दाबला असता तर विंचनं घोडासुद्धा वर ओढला असता. मला सासूबाईंचे मोजे आठवले. आज त्यानं तेच घातले होते.

मी मूठ उघडली.

दोरी पळत सुटली. फळीच्या कडेवरून सरसरत, तळहाताची साल काढत. कुणी ती घेऊन चालत निघालं होतं, घाई न करता, आतल्या आत, त्या खोलीच्या भिंतीच्याही पलीकडे जाईल इतकी. नळीही तशीच गेली आणि एका झटक्यात सैल पडली. पेटीतून तो ओरडला. मग त्याचा श्वास आला, अर्धा. मग पाण्याचा आवाज.

पाण्याच्या आवाजात शीळ थोडा वेळ राहिली. एक शेवटचा लांब श्वास सुटला, आणि तीही थांबली.

मी बटण दाबून बसले होते. काहीतरी बोलायचं होतं नवऱ्याशी.

७

"दोरी अडकली," मी कप्तानाला सांगितलं. "ओढत होते, येईना. नळी तुटली."

कुणी शंका घेतली नाही. माझा तळहात सोललेला होता, रक्त गळत होतं. बिचारीनं किती जोर लावला, म्हणाले. दोरी आम्ही गुंडाळून वर घेतली. टोकाला कमरेचा फास तसाच होता, गाठ न सुटलेला, माणसाच्या कमरेएवढा गोल. आत माणूस नव्हता.

दुसऱ्या बोटीवरचे दोन पाणबुडे येऊन शोधून गेले. दार बंद आहे म्हणाले. आतून काही रेटून ठेवल्यासारखं.

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. त्या रडल्या नाहीत. लेथ मशीन बंद होईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हाताला काही लावलंस का?" आणि उठून माझ्या तळहाताला मलम लावलं, पट्टी बांधली. मला वाटलं, आपलं काळीज फुटेल. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला चौदा महिन्यांत लागली नव्हती तशी गाढ झोप लागली. हिशेब सारखा झाला होता. नवरा शांत झाला होता. त्याची शीळ मला पुन्हा कधी ऐकू आली नाही.

८

नवव्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत कुशीवर पडले होते. तोंड भिंतीकडे. खाली दुकानात जेवणाची सुट्टी, मशीन बंद. झोप आणि जाग यांच्या मधे होते. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो ना कधी उशीवर, तसा येत होता.

मी श्वास सोडला आणि एक श्वास घेतला गेला. मी घेतला नव्हता.

अर्धा. अडखळ. उरलेला अर्धा.

मी उठून बसले. खोलीत कुणी नव्हतं. पाठ भिंतीला टेकवली, थांबले. आला. खोलीतून नाही, भिंतीतून नाही. माझ्या पाठीतून, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधून, जणू तिथं कुणी कपाळ टेकवलं होतं.

तेव्हा मला कळलं की मी चार दिवस चुकीचं ऐकत होते. मला वाटलं होतं, नवरा माझ्याशी बोलायला तारेवर येतोय. तो माझ्यासाठी आलाच नव्हता. ज्यानं मारलं त्याच्याजवळ तो उभा होता, एवढंच. मेलेलं माणूस कुणाजवळ उभं राहतं ते मी आता शिकले.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. बोलताना जोरात बोलायची, नळ सोडून ठेवायची, रेडिओ लावायची. पण सासूबाईंचे डोळे अधू असले तरी कान शाबूत होते. पाचव्या दुपारी त्या माझ्या खाटेपाशी येऊन बसल्या. रेडिओ बंद केला.

"पाठ कर."

"आई, मला बरं—"

"पाठ कर, सूनबाई."

मी पाठ केली. त्यांनी हळूच वाकून माझ्या पाठीला कान लावला. केसांचा मऊ स्पर्श झाला. मी श्वास रोखून धरला, म्हणजे काही ऐकू येऊ नये. पण जो ऐकू यायचा होता तो माझा नव्हता.

त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. एकदा त्यांच्या हातानं माझ्या दंडावर थोपटलं. ते माझ्यासाठी नव्हतं.

"हा माझा धाकटा," त्या म्हणाल्या. "डांग्या खोकल्यात महिनाभर छातीवर घेऊन बसले होते. मला शिकवू नकोस."

मी काहीच शिकवत नव्हते. माझ्या तोंडून फुटलं, "त्यांनीच मारलं ह्यांना. नळी कापली. मी बघितलीय नळी."

"ठाऊक आहे मला."

मी वळले. त्या माझ्याकडे पाहत होत्या, कोरड्या डोळ्यांनी.

"त्याच दिवशी पायावर डोकं ठेवून सांगितलं त्यानं. मी त्याला उठवून जेवायला घातलं. काय करणार होते? पोटचा गेला तो गेला. पोटचा होता तो राहू दे, म्हटलं." मग त्या म्हणाल्या, "तू ढील दिलीस ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू मी भाजीत मीठ घातलं का असं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

"माझे दोघेही खालीच आहेत," त्या म्हणाल्या. "एकाच खोलीत. मला ते वर हवेत. कप्तानाशी मी सकाळी बोलून आले. नवा पाणबुड्या मिळत नाहीये, भितात सगळे. मी म्हटलं, आमची सूनबाई उतरेल. अकरा वर्षं फोनवर होती, सगळं पाठ आहे तिला. बायकाही उतरतात म्हणाला तो."

माझ्या पाठीतला श्वास अडखळला, आणि पुरा झाला.

मी नाही म्हणू शकले असते. बोटीवरचं काम सोडून, गाव सोडून जाऊ शकले असते. पण तो बरोबर आला असता. शिवाय म्हातारीनं ज्या हातानं मला मलम लावलं होतं, त्या हातापुढे मला नाही म्हणता येईना.

"परवा समुद्र शांत आहे म्हणे," सासूबाई उठत म्हणाल्या. त्यांनी खिडकी लावून घेतली, कोपऱ्यातली टोपली ओढली आणि लोकरीच्या गुंड्यातून माझ्या मापाच्या मोज्यांसाठी धागा मोजायला घेतला.

"कप्तानाला सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "तू उतर. दोरी मी धरते."